नकाशात सावलीही दाखवा

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की लंडनच्या ‘ग्रीनग्राउंड’सारखा बडोद्याच्या बागांचा नकाशा करावा: मेट्रोच्या नकाशासारख्या रंगीत रेघांचा, बागा म्हणजे स्टेशनं. कल्पना मला मनापासून आवडली. फक्त एक भर. अशा नकाशांचा मूळ नमुना, म्हणजे हॅरी बेकनं काढलेला लंडनच्या भुयारी रेल्वेचा 1933चा नकाशा, खरी अंतरं सोडून देतो, कारण डब्यात बसलेल्याला किती किलोमीटर झाले याच्याशी घेणंदेणं नसतं. चालणाऱ्याला असतं.

मी दांडिया बाजारात राहते. आईला घेऊन सुरसागर तलावाहून कमाटीबागेत चालत जायचं म्हणजे कोठी, मग काळा घोडा, मध्ये विश्वामित्रीचा पूल. नकाशावर सुरसागर आणि कमाटीबाग ही दोन स्टेशनं शेजारी-शेजारी येतील. पण मे महिन्यात फुटपाथवर लावलेल्या स्कूटरींना वळसे घालत जाताना आई दर थोड्या वेळानं एखाद्या बंद दुकानाच्या पायरीवर टेकते, पदरानं मान पुसते, “अजून किती गं?” विचारते.

म्हणून रेघेवर चालायला लागणारी मिनिटं हवीत, आणि झाडं आहेत तिथे रेघ जाड, उन्हात तुटक. बसायला बाक आणि प्यायचं पाणी कुठे, तेही हवं. वडाच्या नावाच्या गावात एवढं तर व्हायलाच हवं. आमच्या बाजूचा रस्ता मी चालून मोजून देते.