पूर पाहिलेल्या माणसाला नदीकाठी न्यावं का?

सांगलीची_लेक_पुण्यात

अण्णा (वय 71) आईबरोबर सांगलीत असतात, गावभागात. बँकेतून निवृत्त झाल्यावर रोज पहाटे कृष्णेत पोहायला जायचे, पोरांच्या पाठीला डबे बांधून त्यांना पोहायला शिकवायचे. 2019 च्या पुरात खालचा मजला बुडाला आणि दोघांना माडीवरून होडीत उतरवलं. तेव्हापासून अण्णा घाटाकडे फिरकलेले नाहीत. जुलै लागला की रात्री-अपरात्री उठून मोबाइलवर आयर्विन पुलाची पाणीपातळी बघत बसतात. मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्या चालू आहेत, झोप आता बरी आहे.

आमच्या वन्संनी घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय: पाण्याजवळ बसा, मन शांत होतं, नैराश्य जातं वगैरे. तो बघून भाऊ म्हणतो, अण्णांना बळंच घाटावर नेऊ, एकदा बसले की भीती मोडेल. यात खरंच तथ्य आहे का? आणि पाण्यानंच ज्याची झोप उडवली त्याला पाण्याकाठी बसवायचं?

पट्टीचा_पोहणारा

न्या की बिनधास्त! पोहणाऱ्या माणसाचं पाणी तोडलं तर तो आजारी पडणारच. सकाळी एक सूर मारला की दिवसभर डोकं थंड. गोळ्याबिळ्यांपेक्षा ते बरं.

माडीवरचा_दुकानदार

वरच्या दादांनी गोळ्यांचं तेवढं बोलू नये. ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका.

माझंही घर आणि कापडाचं दुकान 2019 ला पाण्यात होतं. आयर्विनला 57 फुटांच्या वर पातळी गेली होती तेव्हा. पाणी उतरल्यावर बघतो तर चिखलाची रेघ ट्यूबलाइटच्या पट्टीला टेकलेली, आणि भिजून फुगलेल्या गठ्ठ्यांचा आंबूस वास रंग दिला तरी जाईना. म्हणून हे दोन शब्द जास्तीचे.

व्हिडिओत सांगतात ते अगदीच खोटं नाही. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरातला एक अभ्यास 2016 मध्ये छापून आला. जिथून समुद्र जास्त दिसतो त्या वस्त्यांतल्या लोकांत मानसिक ताण कमी आढळला. समुद्र दिसणारी घरं पैसेवाल्यांचीच असणार, असं मलाही वाटलं होतं, पण उत्पन्नाचा फरक धरूनच त्यांनी हिशेब केलाय. 2021 मध्ये कॅनडा-अमेरिकेतल्या संशोधकांनी निसर्गातल्या आवाजांवरचे पूर्वीचे अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात मन प्रसन्न करण्यात पाण्याचा आवाज पुढं निघाला. कारण काय, यावर रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं मला पटतं. हिशेब लिहिताना, गर्दीत गाडी चालवताना आपण लक्ष धरून ठेवतो आणि ते थकतं. वाहतं पाणी, हलणारी पानं आपसूक नजर वेधतात, त्याला जोर लागत नाही, आणि तेवढ्यात थकलेलं लक्ष सावरतं.

अण्णांचं नेमकं इथंच अडतंय. त्यांचं लक्ष पाण्यावर पहारा देतंय. पायरी बुडाली का, पाणी गढूळ झालं का, कोयनेतून किती सोडलं! रात्रभर राखण करणाऱ्याला त्याच शेतात नेऊन 'बस आता निवांत' म्हटल्यासारखं होईल ते. भावाला म्हणावं, बळजबरी नको.

मला आमच्या डॉक्टरीणबाईंनी टप्प्याटप्प्यानं नेलं. आधी न वाहणारं पाणी: मिरजेचा गणेश तलाव. तिथं पाण्याकडं पाठ करून बसलो तरी चालेल म्हणाल्या, आणि मी बसलो तसा. मग उन्हाळ्यात, नदी पार खाली गेलेली असताना, आयर्विनवरून नुसतं बघायचं. घाट सगळ्यात शेवटी. अट एकच, मी 'निघू' म्हटलं की निघायचं, बरोबरच्यानं 'थोडं थांबू की' म्हणायचं नाही.

दुसरं म्हणजे मोबाइल. पातळी बघायची ती सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. आकडा 40 च्या आत असला की फोन बायकोच्या ताब्यात. खरं सांगायचं तर पाण्याकाठी बसण्यापेक्षा मला याचाच जास्त गुण आला.

पावसाळ्यात मात्र काही सुरू करू नका. आत्ता फेब्रुवारी आहे, हाताशी तीन-चार महिने आहेत.

हरिपूरकरीण

दुकानदारकाकांशी सहमत. घाटाच्या आधी एकदा आमच्या हरिपूरला आणा. कृष्णा-वारणेचा संगम आहे, आणि पाणी बघवेना झालं तर संगमेश्वराच्या देवळात जाऊन बसता येतं. 'देवदर्शनाला चला' म्हटलं की ज्येष्ठ मंडळी लवकर तयार होतात, हा माझ्या सासऱ्यांवरचा अनुभव.

शेरीनाल्याचं सांडपाणी नदीत मिसळतं तिकडं नेऊ नका, त्या वासानं कुणाचं मन शांत व्हायचंय! आणि पोहणारे दादा, सूर मारायच्या आधी मगरीचं विचारून घेत चला, भिलवडी-औदुंबरकडं दिसतात त्या.

रात्री अण्णा फार घाबरले आणि डॉक्टर मिळेनात, तर टेली-मानसचा 14416 नंबर आईंकडं लिहून ठेवा. मानसिक त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.

सांगलीची_लेक_पुण्यात

सगळ्यांचे आभार. आज अण्णांशी फोनवर बोलले. नदीचं नाव काढल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गणेश तलावावर जाऊ. पण तुझा भाऊ नको." भावाला कळवलंय, तो फुगलाय. त्याचं बघू नंतर. डॉक्टरांना सोमवारी विचारते. 40 फुटांचा नियम आईनं लगेच मंजूर करून टाकला, जुलैपासून मोबाइल तिच्या उशाखाली.

काका, तलावावर सकाळी जावं की संध्याकाळी? आईचे गुडघे दुखतात, तिला बाक लागेल.

माडीवरचा_दुकानदार

सकाळीच जा, संध्याकाळी गलका असतो. उद्या माल आणायला मिरजेला जातोय, बाक सावलीत कुठं आहे ते बघून इथंच लिहितो.