शब्दचर्चा : फॉर्म, अर्ज, नमुना की नोंद?

प्रश्न

अंबडच्या एका कारखान्यात एचआरला आहे. रजा, गेटपास, ओव्हरटाइम, मशीन ब्रेकडाउन हे सगळं आता मोबाइलवरच्या ॲपमधून होणार आहे. ॲप इंग्रजी आहे, पण स्क्रीनवरचे शब्द मराठी करून घेता येतात आणि ते काम माझ्याकडे आलं आहे. अडचण अशी की ॲपमध्ये जिकडेतिकडे एकच शब्द आहे, फॉर्म. मी सेटिंगमध्ये फॉर्म बनवते, कामगार फॉर्म भरतो, सुपरवायझर फॉर्म तपासतो आणि महिनाअखेरीस मी फॉर्म डाउनलोड करते. या सगळ्याला मराठीत एकच शब्द ठेवावा का? साहेबांना 'प्रपत्र' हवं आहे. शिवाय पॉलिसीच्या मसुद्यात 'सर्व माहिती इलेक्ट्रॉनिक फॉर्ममध्ये ठेवली जाईल' असं वाक्य आहे. ते बरोबर वाटतं का?

उत्तर

ताई, एकच शब्द ठेवू नका. सेटिंगमध्ये तुम्ही जो बनवता तो रिकामा साचा आहे, कामगाराने भरून पाठवला की ती त्या माणसाची, त्या तारखेची एक वेगळी वस्तू झाली. या दोन्हींना 'फॉर्म' म्हटलं की 'रजेचा फॉर्म बदलला' या वाक्याचा अर्थच लागत नाही. साच्यात नवा रकाना घातला की एखाद्याच्या रजेची तारीख बदलली? पहिली गोष्ट रोजची आहे, दुसरीबद्दल मात्र जाब विचारला जाईल.

आपल्याकडे हा फरक दाखवणारे शब्द रुळलेले आहेत. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. नमुना सगळ्या गावांना सारखाच, त्यात आपल्या गटाची जी भर पडते ती नोंद. दिंडोरी-निफाडकडून कामाला येणाऱ्या ज्याच्या घरी थोडीफार शेती आहे, त्याला 'नोंद लागली', 'नोंद मंजूर झाली' हे समजावून सांगावं लागत नाही. म्हणून तुमच्या सेटिंगमध्ये 'नमुना' ठेवा आणि भरून आलेल्याला 'नोंद' म्हणा.

'अर्ज' तिसरा. अर्जात मागणं असतं, समोरच्याने हो किंवा नाही म्हणायचं असतं. रजा, ॲडव्हान्स, शिफ्ट बदलून मागणे हे अर्ज. मशीन बंद पडलं ही मात्र खबर आहे, तिथे मंजुरीचा प्रश्नच येत नाही. ब्रेकडाउनच्या स्क्रीनवर 'अर्ज करा' आलं तर ऑपरेटर कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत बसेल, आणि तेवढा वेळ लाइन उभी राहील.

'प्रपत्र' चूक नाही. सरकारी कागदांत 'विहित प्रपत्रात माहिती सादर करावी' असं असतंच, आणि घरकुलाच्या 'प्रपत्र ड'च्या यादीमुळे गावोगावी तो शब्द पोचलाही आहे. पण रात्रपाळीत हातमोजे काढून मोबाइल बघणाऱ्या माणसासाठी तो नको.

पॉलिसीतल्या वाक्याबद्दल

ते वाक्य बदलायलाच हवं. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 मध्ये कलम 2 च्या व्याख्यांत जो इलेक्ट्रॉनिक फॉर्म येतो, तो भरायचा फॉर्म नव्हे. तिथे फॉर्म म्हणजे रूप. चुंबकीय किंवा प्रकाशीय माध्यमात, संगणकाच्या स्मृतीत, मायक्रोफिल्मवर तयार झालेली, पाठवलेली, मिळालेली वा साठवलेली माहिती असा त्याचा आवाका आहे. कलम 4 म्हणतं की एखादी गोष्ट लेखी किंवा छापील असावी असं कायद्यात असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक रूपात असली आणि पुढे संदर्भासाठी पाहता येत असली तरी चालते. म्हणजे कागदी रजाकार्डाचा स्कॅनसुद्धा या अर्थाने इलेक्ट्रॉनिक रूपातली माहिती आहे, पण त्याला कुणी ॲपमधला फॉर्म म्हणणार नाही. मराठीत 'इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवली जाईल' असं लिहा. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, ॲपमध्ये भरलं नाही म्हणजे ते रेकॉर्डच नाही.

आणखी एक उत्तर

मी सातपूरला मेंटेनन्सला आहे. वरचं पटलं, पण फ्लोअरवर कुणी 'नोंद करतो' असंही म्हणत नाही. रजा टाकतात, ओटी टाकतात, पास काढतात, ब्रेकडाउनची कम्प्लेंट टाकतात. फॉर्म हा शब्द तोंडी येतच नाही, कामाचं नाव येतं. मग पहिल्या स्क्रीनवर सरळ 'रजा टाका', 'गेटपास काढा', 'मशीन बंद आहे' अशी बटणं का नकोत? 'नमुना' आणि 'नोंद' हे तुमच्या ऑफिसच्या स्क्रीनवर शोभतील.

प्रश्नकर्ती

हे फार कामाचं आहे. बटणं अशीच ठेवते. आता 'सेव्ह' आणि 'सबमिट'चं सांगा. द्राक्ष काढणीच्या दिवसांत बरेच जण रजा टाकतात, सेव्ह दाबतात आणि मोबाइल खिशात. सुपरवायझरकडे काहीच गेलेलं नसतं, आणि महिन्याच्या हजेरीत खाडा लागतो.

उत्तर

'सेव्ह'ला 'जतन करा' केलंत तरी हा घोटाळा मिटणार नाही, कारण जतन झालं म्हणजे काम झालं असंच वाटतं. 'अर्धवट ठेवा' म्हणा. 'सबमिट'ला 'दाखल करा' म्हणता येतं, पण तो शब्द कोर्टाच्या आणि पोलीस ठाण्याच्या बाजूचा आहे. 'सुपरवायझरकडे पाठवा' लिहा, कुणाकडे जाणार तेही कळेल. पाठवल्यावर जो क्रमांक येतो त्याला 'पोच क्रमांक' म्हणा. आवक-जावक पाहिलेल्या कुणालाही 'पोच' समजते.

ॲपमध्ये बदलांचा इतिहास दिसत असेल तर त्याला 'फेरफार' म्हणायचा मोह होईल, कारण जमिनीच्या नोंदींत तो अगदी नेमका शब्द आहे. पण कारखान्यात 'हजेरीत फेरफार' म्हणजे सरळ लबाडी. तिथे 'बदलांची नोंद' लिहा.

आणि 'रिटर्न' व 'रिजेक्ट' यांना एकच 'नाकारला' लावू नका. तारीख चुकली म्हणून दुरुस्तीला आलेला अर्ज 'परत पाठवला', सुपरवायझरने नाही म्हटलं तो 'नामंजूर'. पहिल्यात कामगाराने तोच अर्ज उघडून तारीख दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा असतो. तिथे 'नाकारला' दिसलं की तो रजेचा नाद सोडून देतो किंवा दुसरा नवा अर्ज टाकतो, आणि मग एकाच रजेच्या दोन नोंदी तुमच्या पुढ्यात येतात.