पोरीच्या फुटबॉलच्या पहिल्या दिवशी ग्राउंडवर गेलो होतो, एक विचारायचं आहे

पऱ्हाटीवाला:
मी दारव्हा तालुक्यातला. पोरगी नववीत. शाळेत यंदा पोरींची फुटबॉल टीम करून राहिले. काल पहिला दिवस, म्हणून सरकी टोबणं अर्धवट टाकून गेलो. मले वाटलं खेळ पाहाले भेटन. सरांनी बॉल जाळीतून काढलाच नाही! पाऊण तास नुस्तं पळवलं, मग बेडूकउड्या. सतरा पोरी, चौघी चपलेवर. आमची कॅनव्हासच्या बुटात. आदल्या राती पाणी आलतं, दोन चकरात बुटाले पावशेर काळी माती. शेवटून दुसरी होती, पण बसली नाही.

मी बाभळीखाली उभा होतो. तिनं एकदाबी पाह्यलं नाही. घरी मायले म्हणे, "बाबाले सांग, डोक्याले दुपट्टा बांधून येऊ नका."

खिळ्याचे बूट आताच घ्यावे काय? अन् पहिल्या दिवशी बॉल देतच नाहीत काय?

कामठीचा_बॅक:
घ्या, पण रबरी स्टडचे. काळी माती त्यातही भरतेच, पोरीजवळ एक काडी ठेवा, खरडत राहील. "वाढतं वय आहे" म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, टाच सोलून निघते. जाड मोजे घालूनच मापून पाहा. नडगीवर लावायचं शिनगार्डही घ्या, सामन्यात ते सक्तीचं असतं आणि मोज्याखाली झाकलेलं लागतं. बॉलचं म्हणाल तर मी पहिल्याच दिवशी दिला असता. पळायचा कंटाळा येऊन पोरी दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

पीटी_मास्तर:
कामठीवाले भाऊ, तुमच्याकडे बॉल दहा असतील. आमच्याकडे दोन, त्यातला एक शिवणीतून पाणी पितो. सतरा पोरींत एक बॉल टाकला की सतराही त्याच्याच मागे. शिवाय दोन महिने घरी बसलेल्या पोरी, वरून जूनचा हा उकाडा. आधी दम तपासावाच लागतो. दादा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत द्या आणि जन्मदाखला काढून ठेवा. शालेय स्पर्धा १४, १७, १९ अशा वयोगटांत होतात, तुमची १७ खालच्या गटात बसेल. तालुका, जिल्हा, मग अमरावती विभाग. ऐन वेळी कागदासाठी पळणारे बाप मी दरवर्षी पाहतो.

वऱ्हाडी_आजी:
दुपट्टा बांधूनच जा बाप्पा. ऊन काय पोरीले पुसून लागते?

पऱ्हाटीवाला:
आज धुतलेला सदरा घालून गेलो, पाण्याच्या टाकीमागं उभा राह्यलो. आज बॉल निघाला. घरंगळत माह्याकडंच आला. राहवलं नाही, मारली लाथ. बॉल गेला दोन हात, चप्पल गेली पार कॉर्नरपर्यंत. साऱ्या पोरी हासल्या. आमचीच आली चप्पल घेऊन, खाली मान घालून म्हणे, "बाबा, जा ना आता." पण हासत होती.

बुटाचा नंबर इचाराचा राहूनच गेला.