सीओ-पीओ ॲटेनमेंटसाठी सॉफ्टवेअर घ्यावं की एक्सेलच बरं? (सांगली)

कृष्णाकाठची: नमस्कार मंडळी. आमच्या अनुदानित कॉलेजात आयक्यूएसीचं (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं) काम यंदा माझ्याकडे आलंय. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला कोर्सची (सीओ) आणि प्रोग्रॅमची (पीओ) निष्पत्ती, म्हणजे शिकून मुलांना काय यायला हवं ते, किती साधली (ॲटेनमेंट) हे दाखवायचंय. मराठीपासून रसायनशास्त्रापर्यंत प्रत्येक विभागाचं शीट वेगळं, निकषही वेगळे. बजेट 20 हजार, वर एक रुपया नाही. काय घेऊ?

विटेकर_मेकॅनिकल: सॉफ्टवेअरच घ्या. आमच्या कॉलेजनं दीड लाखाचं घेतलं, एनबीएच्या (इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या) वेळी सगळे रिपोर्ट एका क्लिकवर. भारत 2014 ला वॉशिंग्टन अकॉर्डचा (इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराचा) पूर्ण सदस्य झाला, इंजिनिअरिंगवाले तेव्हापासून हे करतायत.

अजिंक्यतारा: मॅडमनी 20 हजार लिहिलंय हो सर. एक्सेल वापरा. साताऱ्यात आमचं नॅक एक्सेलवरच झालं. 60 टक्के मुलांना 60 च्या वर गुण, की पातळी 3, म्हणजे सगळ्यात वरची.

विटेकर_मेकॅनिकल: पातळी 3 ला 70 टक्के मुलं धरतात.

अजिंक्यतारा: धरत असाल तुम्ही. लक्ष्य ज्याच्या त्याच्या कॉलेजनं ठरवायचं असतं.

मिरजकर: सॉफ्टवेअर नकोच. आमच्याकडे दुसऱ्या वर्षी कंपनीनं नूतनीकरणाचे दर वाढवले, पैसे भरेपर्यंत आमचीच माहिती आम्हाला दिसेना.

मराठीच्या_बाई: मुलीला कविता भिडली का, हे कुठल्या रकान्यात भरायचं? वर्षभर शिकवायचं सोडून आम्ही तक्ते भरतोय.

वारणाखोरे: एक्सेल बेस्ट. ऑनलाइन फुकट आहे.

पेपरतपासनीस: एक्सेल की सॉफ्टवेअर हा नंतरचा प्रश्न. संलग्न कॉलेजला विद्यापीठाकडून विषयाचे एकूण गुण मिळतात, प्रश्नवार मिळत नाहीत. मग कुठला सीओ कच्चा राहिला ते त्यातून कसं कळणार? ते फक्त तुमच्या अंतर्गत चाचणीतून कळेल, आणि तिथं बहुतेक विभाग सढळ हातानं गुण देतात. सगळ्यांची पातळी 3 येते, शिकणं मात्र दिसत नाही. चाचणीचा प्रत्येक प्रश्न एका सीओला जोडा आणि गुण प्रश्नवार नोंदवा. दोन विभागांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, प्रश्नांची काठिण्यपातळीच वेगळी असते. विभागाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी करा. बाई, आस्वादासाठी रुब्रिक (गुण देण्याचे ठरलेले निकष) करता येतं: प्रतिमा ओळखली का, अर्थ स्वतःच्या शब्दांत मांडला का, मताला कवितेतला आधार दिला का.

अजिंक्यतारा: मी तेच म्हणत होतो. एक्सेल.

मराठीच्या_बाई: हे तीन निकष चालतील. चौथा घाला, कविता मोठ्यानं वाचता येते का.

कृष्णाकाठची: सगळ्यांचे आभार. या सत्रात सॉफ्टवेअर नाही आणि सगळ्या विभागांचं एकत्र शीटही नाही. प्रत्येक विभागानं एकच कोर्स घ्यायचा, चाचणी प्रश्नवार तपासायची आणि काही उत्तरपत्रिका दुसऱ्या विभागाच्या प्राध्यापकांनी त्याच रुब्रिकनं वाचायच्या. 20 हजार त्या कार्यशाळेला लावते. प्राचार्यांना सगळे कोर्स हवे होते, त्यांच्याशी मी बोलेन. बाई, चौथा निकष घेतला.

विटेकर_मेकॅनिकल: एका कोर्सवर नॅकवाले ऐकणार नाहीत. डेमो तरी बघा, व्यक्तिगत निरोप करतो.