कपॅसिटर चार्ज होताना मंदावतो का, आणि पूर्ण ९ व्होल्टपर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न (पदविका_विद्यार्थी)

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ब्रेडबोर्डवर ९ व्होल्टची बॅटरी, १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर एकसर जोडणीत लावून मी कपॅसिटरवरचे व्होल्टेज डिजिटल मल्टिमीटरने पाहिले. रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्स यांचा गुणाकार म्हणजे टाइम कॉन्स्टंट, या सूत्राने तो ४७ सेकंद येतो आणि तेवढ्या वेळात ६३.२ टक्के, म्हणजे सुमारे ५.७ व्होल्ट दिसायला हवेत. प्रत्यक्षात ५.१ व्होल्टच दिसले. पुढे दहा मिनिटे थांबूनही आकडा ८.७ च्या वर गेला नाही. बॅटरी मात्र स्वतंत्रपणे मोजल्यावर बरोबर ९.० व्होल्ट दाखवते.

त्याहून मूलभूत शंका अशी की, वर्गात कपॅसिटरची तुलना पाण्याच्या टाकीशी केली जाते, पण टाकी शेवटपर्यंत एकाच वेगाने भरते आणि कपॅसिटर मात्र मंदावत जातो, असे का? आणि ६३.२ हाच आकडा कुठून येतो? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (निवृत्त_अध्यापक)

तुमची मूलभूत शंका आधी घेतो, कारण ती सुटली की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही. टाकीची तुलना चुकीची नाही, फक्त नळ वरून सोडलेला नसून टाकी तळाशी एका बारीक नळीने दुसऱ्या भरलेल्या टाकीला जोडलेली आहे असे समजा. दोन्हींच्या पातळीत जितका फरक, तितकाच नळीतून प्रवाह.

सर्किटमध्ये ही नळी म्हणजे रेझिस्टर. कपॅसिटर चार्ज होताना आपले सगळे लक्ष कपॅसिटरकडे असते, पण करंट किती वाहायचा हे रेझिस्टरच्या दोन टोकांमधले व्होल्टेज ठरवते. सुरुवातीला कपॅसिटर रिकामा असल्याने संपूर्ण ९ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात आणि ओहमच्या नियमाने ९० मायक्रोअँपिअर करंट वाहतो. हा करंट ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचे व्होल्टेज सेकंदाला सुमारे ०.१९ व्होल्टने वाढवतो. आता गंमत पाहा: हाच वेग कायम राहिला असता, तर ९ व्होल्ट व्हायला नेमके ४७ सेकंद लागले असते. टाइम कॉन्स्टंटचा खरा अर्थ हाच आहे, आणि तो पुस्तकांत ठळकपणे सांगितला जात नाही याची मला नेहमी खंत वाटते.

पण वेग कायम राहत नाही. कपॅसिटर ४.५ व्होल्टवर आला की रेझिस्टरवर ४.५ व्होल्टच उरतात, करंट ४५ मायक्रोअँपिअरवर येतो आणि वाढीचा वेगही निम्मा होतो. उरलेली तफावत जितकी, तितकाच ती घटण्याचा वेग, असा नियम जिथे असतो तिथे २.७१८ ही संख्या आपोआप येते. प्रत्येक टाइम कॉन्स्टंटमागे तफावत या संख्येने भागली जाते, म्हणून ९ ची ३.३१, मग १.२२, ०.४५, ०.१६ आणि पाचव्यानंतर ०.०६ व्होल्ट होते. पहिल्या टप्प्यात तफावत ३६.८ टक्के उरली, म्हणजेच ६३.२ टक्के भरली. डिस्चार्जला वेगळे काही शिकावे लागत नाही: तिथे कपॅसिटरचे स्वतःचे व्होल्टेज हीच तफावत असते, त्यामुळे ४७ सेकंदांनी ३.३१ व्होल्ट उरतात.

उत्तर (दुरुस्ती_विभाग)

वरील विवेचन उत्तम आहे. मी फक्त तुमच्या दोन आकड्यांबद्दल लिहितो, कारण ते मला अगदी अपेक्षित वाटतात.

८.७ व्होल्टवर आकडा थांबला याचा अर्थ रेझिस्टरवर अजूनही ०.३ व्होल्ट आहेत, म्हणजे ३ मायक्रोअँपिअर करंट सतत कुठेतरी जात आहे. त्यातला सुमारे ०.९ तुमचा मल्टिमीटर घेतो, कारण बहुतेक डिजिटल मीटरांचा अंतर्गत रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो. उरलेला सुमारे २.१ मायक्रोअँपिअर हा कपॅसिटरचा लीकेज करंट. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बराच काळ पडून असेल तर त्याचा ऑक्साइडचा थर काहीसा खराब झालेला असतो आणि लीकेज जास्त दिसते. काही वेळ व्होल्टेजवर ठेवल्यास ते कमी होते. खात्री करायची असेल तर मीटर कपॅसिटरवरून काढून रेझिस्टरवर लावा. तिथे ०.३ ऐवजी ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला, तर हा हिशेब बरोबर.

आता ५.१ व्होल्ट. तुमच्या सर्किटमध्ये कपॅसिटर ८.७ व्होल्टकडे निघाला आहे, ९ कडे नाही, म्हणून ६३.२ टक्के ८.७ चे काढा, ते ५.५ व्होल्ट येतात. आकडा ५.५ वर किती सेकंदांनी पोहोचतो ते पाहा. तुमच्या नोंदीवरून माझा अंदाज ५३ सेकंदांचा आहे आणि त्यावरून कपॅसिटन्स ५५० मायक्रोफॅरडच्या आसपास येते, म्हणजे छापील किमतीपेक्षा सुमारे १७ टक्के जास्त. इलेक्ट्रोलायटिकला छापील मूल्यापासून २० टक्क्यांची कमीजास्त तफावत (टॉलरन्स) सर्रास असते, शिवाय रेझिस्टरवर शेवटचा पट्टा सोनेरी असेल तर त्याचीही ५ टक्के धरावी लागते.

ओघात एक सूचना, आणि ती कृपया गांभीर्याने घ्यावी. ९ व्होल्टवर शिकलेले हेच गणित पुढे पॉवर सप्लाय उघडताना लागते. २३० व्होल्टच्या मेन्सवर त्यातला मोठा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तसाच राहू शकतो. तो पेचकसाने शॉर्ट करू नये. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी लावावा. कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा असेल तर टाइम कॉन्स्टंट २.२ सेकंद, म्हणजे ११ सेकंदांत सुमारे २ व्होल्ट उरतात. त्यानंतरही मीटरने मोजल्याशिवाय हात लावू नये.

पुढील शंका (पदविका_विद्यार्थी)

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. मीटर रेझिस्टरवर लावल्यावर शेवटी ०.२१ व्होल्ट दिसले. आता आणखी एक विचारतो: रेझिस्टर मोठा घेतला तर चार्ज होताना त्यात जास्त ऊर्जा वाया जाते का?

उत्तर (निवृत्त_अध्यापक)

नाही, आणि हा या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. लीकेज सोडून द्या आणि कपॅसिटन्स छापील ४७० मायक्रोफॅरड धरा. बॅटरी एकूण ४.२३ मिलिकूलॉम चार्ज ९ व्होल्टवर देते, म्हणजे ३८ मिलिज्यूल ऊर्जा. कपॅसिटरमध्ये साठते ती कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजच्या वर्गाच्या निम्मी, म्हणजे १९. उरलेले १९ मिलिज्यूल रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात, मग तो १०० किलोओहमचा असो वा १ किलोओहमचा.

कारण पुन्हा तेच: पहिला चार्ज जातो तेव्हा रेझिस्टरवर ९ व्होल्ट असतात, शेवटचा जातो तेव्हा जवळजवळ शून्य, आणि मधली घट चार्जच्या प्रमाणात सरळ रेषेत होते, म्हणून सरासरी ४.५ व्होल्ट. या सरासरीत रेझिस्टन्सची किंमत कुठेच येत नाही. लहान रेझिस्टरमध्ये करंट मोठा पण वेळ थोडा, मोठ्यामध्ये याच्या उलट. तुमच्याकडे कपॅसिटरवरील व्होल्टेजच्या वेळेनुसार नोंदी असतील, तर ९ मधून ती वजा करून प्रत्येक टप्प्याची रेझिस्टरमधली पॉवर काढा, तिला त्या टप्प्याच्या वेळेने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करून पाहा; तुमच्या कपॅसिटरची खरी किंमत ५५० च्या आसपास असल्याने उत्तर १९ ऐवजी २२ मिलिज्यूलच्या जवळपास यायला हवे.