उत्पन्नाचा दाखला सगळ्यांनाच लागत नाही

गेवराईच्या एका काकांबद्दल वाचलं. एक पाय अधू, सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन नाकारलं, आणि मोफत वकील हवा तर आधी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणा, असं कुणीतरी सांगून त्यांना परत पाठवलं. हे सरळ चूक आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये दिव्यांग व्यक्ती, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटच नाही. काकांनी दिव्यांग प्रमाणपत्र घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. आधी विचारायचं असेल तर विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि लगेच केसच टाकायला हवी असंही नाही. दवाखान्याची सेवा आणि विमा हे दोन्ही विषय स्थायी लोकअदालतीत (असे वाद आधी तडजोडीने मिटवणाऱ्या मंचाकडे) नेता येतात. कोर्ट फी नाही, तडजोड झाली नाही तरी निकाल मिळतो (आपल्याकडे ही गोष्ट वकीलही क्वचितच सांगतात, का ते तुम्हीच ओळखा). फक्त तोच वाद आधी कोर्टात गेलेला नको. ऑपरेशनचा नकार मात्र लेखी मागून घ्या. तोंडी नकारावर वकील तरी काय भांडणार?

काकांचं वय सत्तर पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डही (ज्येष्ठांना मोफत उपचारांचं सरकारी कार्ड) बघा. ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, उत्पन्न कितीही असो. कार्ड काढताना ऊसतोडीत बोटं झिजलेल्यांचे आधारचे ठसे जुळत नाहीत. तिथे अडून न बसता ओटीपी किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवून द्या म्हणावं.