‘इव्हेन्च्युअली’ म्हणजे कदाचित की अखेरीस?

प्रश्न : म्हापशाला अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने ‘आय विल इव्हेन्च्युअली कम’ याचा अर्थ ‘जमल्यास येईन’ असा लिहिला आणि शिक्षिकेने तो चुकीचा ठरवला. १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत शिकलेले तिचे आजोबा मात्र भाचीचाच अर्थ बरोबर म्हणतात. खरे कोणाचे?

उत्तर १ : इंग्रजीपुरते शिक्षिकेचे. ‘इव्हेन्च्युअली’मध्ये शंकेला जागा नाही; वेळ लागेल, मध्ये अडचणी येतील, पण गोष्ट घडेल किंवा घडली, असा त्याचा भाव आहे. आजोबांच्या कानात बहुधा पोर्तुगीजमधला ‘एव्हेन्तुआल्मेन्ते’ असावा, ज्याचा अर्थ ‘कदाचित, प्रसंग आल्यास’ असा होतो. दोन्ही शब्द एकाच लॅटिन मुळाचे असल्यामुळे फसगत सहज होते. ‘अ‍ॅक्च्युअली’ म्हणजे ‘खरे तर’, पण पोर्तुगीजमधील त्याचा जुळा शब्द ‘सध्या’ या अर्थाने वापरतात. सर्वांत गमतीचे उदाहरण दारावरचे आहे : पोर्तुगीज पाटीवरचा ‘पुशे’ हा शब्द इंग्रजी ‘पुश’सारखा ऐकू येतो, पण तो दार ओढायला सांगतो.

उत्तर २ : वरील खुलासा पटतो; तथापि वहीत ‘इव्हेन्च्युअली = अखेरीस’ एवढेच लिहून ठेवणे मला अपुरे वाटते, कारण ‘फायनली’ आणि ‘अ‍ॅट लास्ट’ यांच्यापुढेही आपण तोच शब्द लिहितो. तासभर ताटकळल्यावर बस दिसली, तर तोंडून ‘अ‍ॅट लास्ट’ निघते, कारण त्यात सुटकेचा निःश्वास आहे. ‘इव्हेन्च्युअली’ तीच हकिकत शांतपणे सांगते. ‘फायनली’ यादीतला शेवटचा मुद्दा मांडतानाही चालतो, तिथे ‘इव्हेन्च्युअली’ बसत नाही. म्हणून शब्दासोबत एक पूर्ण वाक्य टिपावे. ‘अवॉइड’पुढे ‘गोइंग’ येते, ‘टू गो’ नाही, आणि ‘अफोर्ड’च्या आधी बहुतेक वेळा ‘कॅन’ किंवा ‘कान्ट’ असते, हे सुटा अर्थ पाठ करून कधीच कळत नाही.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मग ‘जमल्यास येईन’ला काय लिहावे?

उत्तर १ : ‘आय विल कम इफ आय कॅन’. येण्याचीच खात्री नसेल, तर ‘आय माइट कम’.